नऊ अभंग, तीस दिवस: मेलोडाइन घ्यावं की नाही?

19 मे 2025, सोमवार

भजनी मंडळाच्या नऊ अभंगांचं रेकॉर्डिंग काल संपलं. पाच अभंग देवळाच्या सभामंडपात घेतले. टाळकरी, पखवाज, पेटी, बुवा, सगळे एकत्र, जसे दर एकादशीला बसतात तसे. उरलेले चार माझ्या मिरजेच्या खोलीत, बुवांचा आवाज आणि तंबोरा आधी, पेटी-पखवाज नंतर.

19 जूनला माउलींची पालखी आळंदीहून निघते आणि बुवा तिच्याबरोबर चालणार आहेत. 6 जुलैला आषाढी. म्हणजे बुवांच्या गळ्याचं जे काही काम राहिलं असेल ते 17 जूनच्या आत उरकायला हवं.

ऐकताना तीन जागा खटकल्या. दोन ठिकाणी ध्रुपदात (अभंगाच्या परत परत येणाऱ्या ओळीत) स्वर थोडा उतरलाय. तिसरी जागा भूप रागातल्या आलापात आहे: तार षड्जावर (वरच्या सा वर) जाताना गळ्यात कफ आला आणि स्वर सेकंदभर खाली राहिला. बाकी तो आलाप असा आहे की मी गेली वीस वर्षं त्यांना ऐकतोय, पण इतका मोकळा भूप फार कमी वेळा ऐकलाय.

पुण्यात स्टुडिओ चालवणारा मित्र म्हणाला, "मेलोडाइन घे, दोन मिनिटांचं काम आहे." मेलोडाइन म्हणजे रेकॉर्ड झालेला स्वर वरखाली सरकवणारं सॉफ्टवेअर, तीस दिवस फुकट वापरता येतं. पण मी घाई करणार नाही. 2021 साली रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घेतलं तेव्हाही साठ दिवस पूर्ण वापरून मगच 60 डॉलर भरले होते, आणि त्या निर्णयाचा आजवर पश्चात्ताप झाला नाही. सहाव्या आवृत्तीला घेतलेला परवाना सातव्यालाही चालतोय.

या वेळी आधीच ठरवून लिहून ठेवतो. पैसे तेव्हाच भरायचे, जेव्हा हे काम माझ्याकडे असलेल्या साधनांनी होणार नाही याची खात्री पटेल. दुरुस्तीनंतर बुवांना स्वतःचा आवाज परका वाटता कामा नये. आणि खर्च वर्षभरात भरून यायला हवा. एका अभंगाचे मला 3,500 रुपये मिळतात, त्या हिशेबानेच मोजायचं.

21 मे, बुधवार

इन्स्टॉल केलं. चाचणीच्या काळात सगळ्यात वरची आवृत्ती उघडी असते. हे चांगलं, पण जपून राहायला हवं, कारण सगळ्या सोयींची सवय लागते आणि विकत घेताना खालची आवृत्ती हातात येते. कुठलं बटण नेमकं वापरलं ते रोज लिहून ठेवणार.

रीपरमध्ये हे प्लगइन अरा पद्धतीने जोडता येतं, म्हणजे ट्रॅक आधी पूर्ण वाजवून आत भरावा लागत नाही, क्लिप थेट दिसते. माझा आठ जीबीचा लॅपटॉप चार ट्रॅकपर्यंत कुरकुरला नाही.

कालपासून पाऊस सुरू आहे. मे महिन्यात असा पाऊस मी पाहिलेला नाही. खोलीवर पत्रा आहे, त्यामुळे आता नव्याने काही रेकॉर्ड करायचं तर उघडीप बघावी लागेल. पखवाजाची पुडीही सर्द हवेत उतरते, शाई-कणकेचा सगळा हिशेब बदलतो.

22 मे, गुरुवार

आज पहिल्यांदा बुवांचा आलाप पडद्यावर पाहिला. प्रत्येक स्वर एक फुगीर ठिपका, त्यातून जाणारी बारीक रेघ म्हणजे स्वराची खरी चाल. बुवा पंचमावरून गंधारावर (प वरून ग वर) कसे येतात, ती मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत जाणं, मला ऐकून पाठ आहे. डोळ्यांनी बघताना मात्र अंगावर काटा आला. रेघ सरळ उतरत नाही. ती गंधाराच्या किंचित खाली जाते, मग वर येऊन टेकते.

बुवांची पेटी काळी एकला (पहिल्या काळ्या पट्टीला, बुवांच्या सा ला) धरली तर आजच्या 440 हर्ट्झच्या प्रमाण मापाहून 22 सेंट चढी निघाली. (सप्तकाचे 1200 सेंट, पेटीच्या एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत 100.) जुन्या पेट्यांत असं असतंच. तंबोरा त्या पेटीला लावला होता, म्हणून आपसात सगळं जुळलंय. सॉफ्टवेअरला मूळ स्वर कुठला ते सांगता येतं, ते आधी केलं. हे विसरलं तर पुढचं सगळं चुकतं.

मग आलापाची एक प्रत काढून त्यावर स्वर आपोआप सुधारण्याची आज्ञा पूर्ण जोराने चालवली. दोन मिनिटंही लागली नाहीत, मित्र खरं बोलला होता. ऐकलं. आवाज बुवांचाच. कुठे यंत्राचा वास नाही. तरी काहीतरी गेलं होतं, आणि काय गेलं ते मला रात्री उशिरापर्यंत शब्दांत सांगता आलं नाही.

25 मे, रविवार

बुवा आणि काकू घरी आले होते. चहा झाल्यावर तीन तुकडे ऐकवले, काय केलंय ते न सांगता. पहिला मूळ. दुसऱ्यात मी फक्त एक उतरलेला स्वर कानाने वर सरकवला होता. तिसरा पूर्ण आपोआप सुधारलेला.

पहिल्या दोनमधला फरक दोघांनाही कळला नाही. तिसरा सुरू झाल्यावर बुवांनी डोळे मिटले, गंधार आला तसे उघडले.

"ह्यो गंधार पेटीचा हाय. माझा न्हाई."

मी विचारलं, "बुवा, पेटी तर या आलापात वाजतच नाही."

"वाजत न्हाई म्हणूनच म्हणतोय. तंबोऱ्यात गंधार आपला आपण बोलतोय की. त्याच्यावर हा बसत न्हाई."

काकूंनी मान हलवली. त्यांनी आयुष्यभर बुवांच्या मागे तंबोरा धरलाय.

27 मे, मंगळवार

दोन दिवस याच एका वाक्यामागे होतो. हिशेब करून बघितला, तो इथे पूर्ण लिहून ठेवतो, कारण सगळा निर्णय इथेच अडलाय.

तंबोऱ्याचा खरज (सा ची जाड तार) नीट लागला की त्यातून गंधार ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तो तारेचा पाचवा उपस्वर, म्हणजे तारेच्या मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा. सोयीसाठी 440 चं माप धरलं तर काळी एकचा षड्ज 138.59 हर्ट्झ, त्याची पाचपट 692.95. या स्वयंभू गंधाराशी मिळणारा गळ्यातला गंधार षड्जाच्या सव्वापट, म्हणजे 386 सेंटांवर. पेटीचा गंधार मात्र 400 सेंटांवर असतो, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेत. पेटीच्या गंधाराचा चौथा उपस्वर 698.46 वर पडतो. 692.95 आणि 698.46 एकत्र वाजले की दर सेकंदाला साडेपाच हेलकावे. बुवांना जे खुपलं ते हेच.

बुवांचा मूळ गंधार मी सहा ठिकाणी मोजला. 384 ते 390. सॉफ्टवेअरने तो उचलून 400 वर ठेवला होता, कारण त्याच्या लेखी 'शुद्ध' म्हणजे बारा सारख्या घरांपैकी एक. बुवा चुकले नव्हते, पण दुरुस्ती त्यांचीच झाली.

हे गणित आमच्या भागाला नवीन नाही. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली 22 श्रुतींचं (सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांचं) मोजमाप छापलं, आणि क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाबरोबर श्रुतींची वेगळी पेटीही करवून घेतली. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहायचे. माझ्या खोलीपासून सतारमेकर गल्ली चालत दहा मिनिटांवर आहे, जिथल्या सतार-तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. अशा गावात बसून मी एका आज्ञेने गंधार चौदा सेंटांनी हलवला आणि मला स्वतःला तो कळला नाही, याचं मला वाईट वाटलं. कान पेटीवर तयार झाला की असं होतं. मी लहानपणापासून पेटीच वाजवत आलोय.

तेव्हा पहिला नियम ठरला: बुवांच्या आवाजावर आपोआप सुधारणा कधीही चालवायची नाही. एक स्वर, हाताने, तंबोरा चालू ठेवून.

30 मे, शुक्रवार

सभामंडपातल्या पाच अभंगांवर प्रयोग. एका वाक्यात सांगायचं तर इथे हे सॉफ्टवेअर कामाचं नाही.

बुवांच्या माइकमध्ये टाळ आहेत, पखवाजाचा धुमा आहे, पेटी तर हातभर अंतरावर होती. स्वर ओळखणारं गणित टाळांच्या झणत्काराने गोंधळतं, एका ओळीत त्याला बुवांपेक्षा पेटीच जास्त दिसली. आणि समजा स्वर बरोबर ओळखला, तरी तो सरकवताना त्याच माइकमधली पेटीही सरकते. पेटीच्या स्वतःच्या माइकमध्ये ती जागेवरच असते. दोन पेट्या वाजल्यासारखं घोंगावतं.

वरच्या आवृत्तीत एकाच ट्रॅकमधले अनेक स्वर वेगळे करण्याची सोय आहे. 2009 साली ती आली तेव्हा साऱ्या संगीतजगतात आश्चर्य व्यक्त झालं होतं, आणि गिटारच्या एका तुकड्यावर मी ती चालवून पाहिली तर खरंच थक्क व्हायला होतं. पण पेटी आणि गळा एकाच स्वरावर असतात. साथीचं कामच ते. जे एकमेकांत मिसळावं म्हणून वाजवलंय ते सोडवणार कसं?

याचा अर्थ नऊपैकी पाच अभंगांत उपयोग शून्य. त्या पाचांत मला दुरुस्ती नकोच आहे हेही खरं. टाळकरी ध्रुपद उचलतात तेव्हा वीस गळ्यांचा मिळून जो स्वर होतो, त्यात बुवांचा एखादा उतरलेला स्वर कुणाला सापडणार नाही, आणि सापडूही नये.

2 जून, सोमवार

आज फुकटातल्या मार्गांचा दिवस. ध्रुपदातल्या दोन जागांसाठी प्रत्येकी तीन टेक होते. चाल बांधलेली, शब्द तेच, लय जवळपास तीच. दुसऱ्या टेकमधला चांगला चरण कापून पहिल्यात बसवला. एका ठिकाणी श्वासाच्या जागी जोड दिला, दुसऱ्या ठिकाणी 'ठ्ठ' च्या आधी. दोन्ही जोड मलाच पुन्हा सापडत नाहीत. वीस मिनिटं, शून्य रुपये.

तिसऱ्या जागेसाठी ही युक्ती चालत नाही. आलाप तीनदा घेतला होता, पण बुवा तोच आलाप दोनदा गात नाहीत. पहिल्यांदा ते धैवतावरून तार षड्जावर गेले, दुसऱ्यांदा गंधारापाशीच रेंगाळले, तिसऱ्यांदा सरळ पंचमावरून उडी. एकाचा स्वर दुसऱ्यात लावला तर येण्याची वाटच वेगळी.

रीपरमध्येच रीट्यून नावाचं प्लगइन येतं, त्यात स्वराची रेघ हाताने काढता येते. दोन तास घालवले. षड्ज वर आला, पण धैवतावरून षड्जावर जाणाऱ्या मींडेच्या पायऱ्या झाल्या, आणि गळा पत्र्याच्या डब्यात गेल्यासारखा. मेलोडाइनमध्ये तोच स्वर 45 सेंट वर घेतला. मागची मींड स्वतःहून ताणली गेली, तुटली नाही. हा फरक मोठा आहे, आणि पैसे द्यावेत असा वाटणारा हा पहिला क्षण.

5 जून, गुरुवार

स्वतःशी प्रामाणिक राहण्यासाठी एक गोष्ट तपासायची होती. मला या सॉफ्टवेअरची सगळ्यात जास्त ओढ दुरुस्तीसाठी नाही, बुवांच्या स्वरांची ती रेघ बघण्यासाठी वाटते. रोज रात्री तासभर नुसता बघत बसतो. पण नुसतं बघायचं असेल तर लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेली सॉनिक व्हिज्युअलायझर आणि टोनी ही दोन सॉफ्टवेअर फुकट आहेत. टोनी तर एकट्या गळ्याच्या स्वरांची रेघ काढण्यासाठीच बनवलेलं आहे.

दोन्ही उतरवून तोच आलाप टाकला. रेघ स्पष्ट येते, हर्ट्झमध्ये आकडे मिळतात, सेंट मी कागदावर काढले. गंधार पुन्हा 386 च्या आसपास. म्हणजे बघण्याचं कारण खरेदीच्या हिशेबातून वजा.

ही वजाबाकी मनाला लागली, पण करायलाच हवी होती.

8 जून, रविवार

पाऊस थांबला म्हणून बुवांना आलापाच्या त्या वाक्यासाठी बोलावलं. सर्दी आहे. दोनदा प्रयत्न केला, षड्ज लागला, पण गळा त्या दिवसाचा नाही. मेमधल्या रेकॉर्डिंगला हा आवाज जोडला तर दोन माणसं गाताहेत असं वाटेल. बुवांनाच ते आधी कळलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाले.

मग मी मनातलं बोललो. म्हटलं, बुवा, तो स्वर तसाच ठेवूया का? खरं गाणं आहे, यंत्राचा हात नको. गेले पंधरा दिवस मी मनातून याच बाजूला झुकत होतो.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे कुणासाठी करतोयस?"

"मंडळासाठी."

"मंडळात पोरं किती हायती? सहा. ती ह्यावरनं आलाप उचलणार. मी चालायला गेल्यावर म्हैनाभर हेच ऐकत बसणार. तो षड्ज उतरलेला ऐकला तर उतरलेलाच बसंल गळ्यात. मग मी परत येऊन तो काढत बसू का? तुला नीट करता येत आसंल तर कर. गंधाराला हात लावू नको म्हंजे झालं."

मी यंत्राचा विचार करत होतो, ते सहा पोरांचा. याआधी मी हा प्रश्न शिकवण्याच्या बाजूने पाहिलाच नव्हता.

9 जून, सोमवार

दुरुस्ती पक्की केली. तंबोरा चालू, तार षड्ज 45 नाही, 41 सेंट वर. 45 वर तो आकड्याने अचूक होता पण ताठ वाटत होता, बुवा षड्जावर नेहमी किंचित खालून येऊन स्थिरावतात. स्वराचा थरथराट मूळचा तसाच ठेवला. बाकी पूर्ण आलापात एकाही ठिपक्याला हात नाही.

11 जून, बुधवार

आवृत्त्यांचा हिशेब. चार आहेत.

सगळ्यात खालच्या इसेन्शियलमध्ये एकच मुख्य हत्यार: स्वर उचल, सरकव. स्वराचा मध्य, त्याचा कंप आणि त्याचं वाहणं वेगवेगळं धरता येत नाही. परवा मी षड्ज वर घेताना कंप तसाच ठेवला आणि त्याचं शेवटचं घसरणं किंचित कमी केलं, ते इथे जमलं नसतं. त्याच्या वरच्या असिस्टंटमध्ये ही हत्यारं मिळतात. एडिटरमध्ये अनेक स्वर सुटे करणं आणि स्वतःचं सप्तक बसवणं, आणि स्टुडिओत अनेक ट्रॅक एकत्र.

स्वतःचं सप्तक बसवण्याच्या सोयीवर मी बराच वेळ घुटमळलो. 386 चा गंधार, 884 चा धैवत, असं भूपाचं घर बांधून ठेवता आलं असतं. सत्तावीस तारखेला हे लिहिलं असतं तर मी डोळे झाकून एडिटर घेतलं असतं. पण भूप आणि देशकार यांचे स्वर तेच, तरी धैवताचं वजन वेगळं. मारव्याचा रिषभ आणि पूरियाचा रिषभ एका आकड्यात बसत नाहीत. रागाला घर बांधून दिलं की पुन्हा तेच होणार, फक्त बारा खुंट्यांऐवजी बावीस. मी आपोआप सुधारणा वापरणारच नसेन, तर त्या सुधारणेने कुठल्या आकड्यावर जायचं हा प्रश्नच उरत नाही.

आणि सुटे स्वर करण्याची सोय सभामंडपात निकामी ठरलीच आहे.

तेव्हा असिस्टंट. परकीय चलनावरचा बँकेचा आकार धरून सहा अभंगांच्या कमाईइतका खर्च. एडिटरला तो जवळपास दुप्पट झाला असता.

जाता जाता एक गोष्ट. ऑटोट्यून हे स्वर सुधारणारं दुसरं सॉफ्टवेअर करणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीतल्या लहरींचा अभ्यास करायचे, 1997 साली तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं. मेलोडाइन करणारे म्युनिकचे पीटर नॉयबेकर मात्र वाद्यं घडवणारे. माझ्या मनाला हे पटतं. या सॉफ्टवेअरमध्ये स्वर हातात घेतल्यासारखा वाटतो, तारेच्या खुंटीसारखा.

13 जून, शुक्रवार

तिसरी अट अजून बाकी होती: वर्षात पैसे भरून येतील का?

मंडळांच्या कामात येणार नाहीत, कारण ती बहुतेक एकत्र बसूनच होतात आणि तशीच व्हायला हवीत. पण गणपतीआधी नाट्यसंगीत शिकणाऱ्या चार मुलींचं काम ठरलंय, आठ पदं, सगळ्यांचे आवाज वेगळे घ्यायचे. दिवाळीत भावगीतांचा एक छोटा संच. त्यात मींडेच्या आणि मुरकीच्या एकेका जागेसाठी मुलींना पुन्हा पुन्हा बोलवावं लागतं, पालकांना कामावरून सुट्टी काढावी लागते. तिथे दोन खेपा वाचल्या तरी पुष्कळ.

दर वाढवणार नाही. दुसरा कंडेन्सर माइक या दिवाळीला घ्यायचा होता, तो पुढच्या वर्षी. बायकोशी बोललो. तिने वही मागितली, 19 मेच्या तिन्ही अटी वाचल्या आणि म्हणाली, "पहिली अट एकाच स्वरासाठी पूर्ण झालीये." खरंय. एकाच स्वरासाठी.

15 जून, रविवार

घेतलं. असिस्टंट.

16 जून, सोमवार

नऊही अभंगांचं अंतिम मिक्स. दुरुस्त केलेला आलाप रेंडर करून वेगळ्या फाइलमध्ये ठेवला आणि मूळ टेकला हात न लावता शेजारी जपून ठेवलाय, नाव दिलं 'बुवा भूप मूळ'. उद्या सॉफ्टवेअर बदललं, लॅपटॉप गेला, तरी दोन्ही साध्या वेव्ह फाइल उघडतील. दोन हार्ड डिस्कवर प्रती.

रीपरच्या टेम्प्लेटमध्ये बुवांच्या ट्रॅकच्या नोंदीत लिहून ठेवलं: पेटी 22 सेंट चढी, आपोआप सुधारणा नाही, तंबोरा चालू ठेवूनच.

17 जून, मंगळवार

बुवा संध्याकाळी येऊन ऐकून गेले. पिशवी भरून तयार होती, उद्या सकाळच्या गाडीने निघणार. तार षड्ज आला, गेला. काही बोलले नाहीत. गंधारावर मांडीवर हात आपटला.

जाताना विचारलं, "कितीला पडलं?" मी आकडा सांगितला. "माइक घेणार हुतास नव्हं?" म्हटलं, पुढच्या वर्षी. "बरं," म्हणाले आणि चप्पल घातली.

12 जुलै, शनिवार

बुवा गोपाळकाला करून परवा परतले. पाय सुजलेत, आवाज बसलाय, पण मन प्रसन्न. आज सहाही पोरं त्यांच्या घरी बसली होती. धाकट्या दोघांना आलापातली पंचमावरून गंधारावरची मींड जमत नाही, फार भरभर उतरतात. बुवांनी मला निरोप धाडला की ते वाक्य हळू करून मिळेल का.

रीपरमध्ये स्वर न बदलता गती अर्धी करता येते, त्याला वेगळं काही लागत नाही. तेवढाच तुकडा, चार वेळा, मध्ये नुसता तंबोरा. बुधवारी सहाला पोरं येणार आहेत, त्याच्या आत फाइल पोचवायची.